सात लाल फुल्या

निघाले त्या सकाळी रापण ओढणं चालू होतं. कणकवलीची एसटी यायला अर्धा तास होता, म्हणून बॅग माडाला टेकवून मी समुद्रकाठच्या पुळणीवर उतरले. आमच्या वाडीत कुणी लांब जाणार असलं की जाण्याआधी रापणीच्या दोरीला हात लावून जातं. होडीने समुद्रात जाळं गोल सोडून यायचं आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी दोन्ही टोकांचे दोर ओढत ते वर आणायचं, ही आमची रापण. मी दहा-बारा हात ओढले. तातू तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, म्हणाला, "खंय पण जा, चेडवा. तुझो वाटो हयसरच रवतलो."

मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही. जे करायचं ते मी तीन आठवड्यांपूर्वीच करून बसले होते.

कोल्हापूरच्या एका पंपाच्या कारखान्यात मी चार वर्षं इंजिनीअर होते. इंजिनीअर आणि शास्त्रज्ञांनी नोकरी सोडून पूर्णवेळ एमबीए करावं म्हणून एक संस्था शिष्यवृत्ती देते, असं कळलं. सगळी फी, राहणं, जेवण त्यात येत होतं. ती मिळाली नसती तर माझं जाणं शक्यच नव्हतं. मुलाखतीला तिघं बसले होते, मागे नोंदीसाठी कॅमेरा चालू होता. त्यांनी विचारलं, गावातली अशी एक गोष्ट सांगा जिचं व्यवस्थापन तुम्ही सुधाराल. मला रापण आठवली. म्हटलं, ही यांनी कधी ऐकली नसेल.

फळ्यावर मी दोरी काढली, माणसं काढली, खाली वाट्यांच्या चौकटी काढल्या. दोरी ओढणारे एकोणीस, वाळूवर लागणारे मासळीचे वाटे सव्वीस. वरचे सात कुणाचे? म्हातारे, आजारी, विधवा बायका. तुम्ही काय कराल, त्यांनी विचारलं. मी लाल पेन उचललं आणि सात चौकटींवर सात फुल्या मारल्या. तिघांनी माना डोलावल्या. त्या माना बघून मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता, हे लिहायला हवं.

त्या सातांतला एक वाटा आमच्या घरचा होता. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. दुसऱ्या दिवसापासून रापणीचा एक वाटा आमच्या नावाने लागू लागला. कुणी उपकार म्हणून दिला नाही, की आईने हात पसरला नाही. ती टोपली घेऊन जायची, आपली तारली-बांगडे उचलायची, निम्मे सुकवून विकायची. माझी पुस्तकं, वसतिगृह, सगळं त्यावर झालं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी मात्र त्यावर फुली मारली, आणि तेही न विचारता.

त्या सकाळी एसटीने फोंडाघाट चढताना वाटलं होतं, चार भिंतींत बोललेलं चार भिंतींत राहील.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेलात त्यांना कॅम्पसवरचं पहिलं वर्ष सांगायला नको. केस स्टडी, स्लाइड, प्रेझेंटेशन, आणि मेसमध्ये माशाच्या नावाखाली मिळणारा तो पांढरा, बेचव तुकडा. दिवाळीनंतर शिष्यवृत्तीच्या संस्थेने आमच्या मुलाखतींची फिल्म करून इंटरनेटवर टाकली. कौतुकच होतं ते. मीच ती हौसेने चुलतभावाला पाठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या वाडीच्या मोबाईलवर होती. बोलणं इंग्रजी होतं, पण चित्र कळायला इंग्रजी लागत नाही. दोरी कळली, माणसं कळली, लाल फुल्याही कळल्या.

आईचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा होता. तिने एकच विचारलं.

"ह्यातली आपली फुली खंयची गो?"

दुसऱ्या दिवशी ती टोपली न घेता पुळणीवर गेली आणि तातूला म्हणाली, "माझा चेडू शिकलेला आसा. ता सांगता, काम नाय तर वाटो नाय. माका नको." तातूने आठवडाभर वाटा लावून बघितला. तो वाळूवर तसाच पडून राहायचा, कावळे यायचे. मग त्याने लावणं सोडलं. बाकीचे सहा अजून लागतात.

मी पैसे पाठवते. आई ते घेते, घराची कौलं परतून झाली, फ्रिज आला. फ्रिजमध्ये मासा नसतो. आता मी गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत आहे आणि कुठे काय कापायचं हेच माझं काम आहे. मला ते फार चांगलं जमतं. त्याची लाज वाटते, तरी सोमवारी मी पुन्हा जाते.

यंदा मे महिन्यात घरी गेले तेव्हा सरळ दोरीला लागले. कुणी नको म्हटलं नाही. दोन तास ओढलं, तळहात सोलून निघाले. जाळं वर आलं, वाटे लागायला लागले. मी उभी राहून बघत होते. माझ्या पुढ्यात वाटा लागला नाही. सगळे वाटे झाल्यावर तातूने जाळ्यातली सगळ्यात मोठी सुरमई उचलली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. रागाने नव्हे, अगदी मायेने.

"घे गो. पावण्यांका रिकाम्या हातान धाडूचा नसता."

आईने ती सुरमई तिरफळं घालून शिजवली. माझ्या ताटात चार तुकडे वाढले. स्वतःच्या ताटात भात आणि कुळथाची पिठी घेतली. तू पण घे ना, म्हटलं.

"तू खा. ती तुका दिलेली आसा."

घर म्हणजे आता काय, तर जिथे मला सगळ्यात मोठा मासा मिळतो आणि वाटा मिळत नाही, ती जागा. आई समोर बसून होती. मी चारही तुकडे खाल्ले.