मलावीच्या मॅडम आणि माझी माळवी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. हे ऐकताना लोकांच्या नाकात चहा गेलेला मी स्वतः पाहिलाय. आणि मी पडले नर्सिंगची मास्तरीण, त्यामुळे पाठही मलाच थोपटावी लागते!

मी देवासला नर्सिंग कॉलेजात शिकवते. तेव्हा मी एका संशोधनाच्या मागे हात धुऊन लागले होते. बाळंतपण होऊन घरी परतलेल्या बायका दुखणं अंगावर का काढतात, वेळेत सांगत का नाहीत, हा विषय. त्यासाठी जवळच्या एका गावात विद्यार्थिनींना घेऊन घरोघर जायचं, बायकांशी बोलायचं. आणि बायका काय बोलायच्या? "सब अच्छो हे, मैडम." ताप येतो का? "नी." कुठं दुखतंय का? "नी, सब अच्छो हे." अहो, गावात सगळंच अच्छं असेल तर मी संशोधन कशावर करू?

आमच्या प्राचार्य मॅडम एक दिवस म्हणाल्या, "कुछ निकल नहीं रहा, तो बंद कर दो." बंद? मी? लग्नात नवऱ्याला उखाण्यात हरवलेली बाई मी! म्हटलं, त्या बायकांना बोलतं केल्याशिवाय गाव सोडणार नाही.

आणि त्याच आठवड्यात प्राचार्य मॅडमचा मोबाइलवर निरोप. इंग्रजी अक्षरांतली हिंदी, आपण सगळेच लिहितो तशी. सोमवारी एक अनुभवी नर्स मॅडम येताहेत. गावागावांत नव्या आयांच्या बैठका घेण्यात त्यांची हयात गेली आहे. तुमचं गाव बघतील, पसंत पडलं तर पुढे मिळून काम करू. आणि त्या आहेत 'एम ए एल ए डब्ल्यू आय'. त्यांच्या भाषेत स्वागताचे दोन शब्द बोललात तर त्यांना बरं वाटेल.

आता मला सांगा, देवासात बसून ती अक्षरं तुम्ही काय वाचाल? मी वाचलं, माळवी! म्हणजे आपल्या माळव्याच्याच कोणीतरी मॅडम. उज्जैनकडच्या असतील, नाहीतर धारच्या. बरोबर आहे, म्हटलं. गावच्या बोलीत बोलत असतील, म्हणून बायका मन मोकळं करत असतील!

पंचाईत एवढीच की मला माळवी येत नव्हती. घरात मराठी, शाळेत हिंदी, माळवी फक्त भाजीबाजारात कानावर पडलेली. पण हट्ट म्हणजे हट्ट. शेजारच्या रामकन्या भाभींना गाठलं.

"भाभी, सोमवारपर्यंत माळवी शिकवा."

"सोमवार तक? इतनी जल्दी कई हे?"

"भाषण करायचंय."

भाभींनी कपाळाला हात लावला, पण शिकवलं. घोडा म्हणजे घोड़ो, माझा म्हणजे म्हारो. मी त्यातून स्वतःचाच एक नियम काढला. शब्द अडला की मराठी घ्यायचा, शेवटी 'ओ' लावायचा, झाली माळवी! कणीक मळताना भाषण, आंघोळीला भाषण. आमचे हे दोन दिवसांनी म्हणाले, "तू झोपेत मला 'पधारो' म्हणालीस. मी उठून बसलो."

सोमवार उजाडला. गावच्या शाळेच्या ओट्यावर सतरंज्या घातल्या. जेवणाला दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, तयार. गावातल्या बायका जमल्या होत्या, कुणाच्या मांडीवर तान्ही बाळं. मी हार घेऊन उभी. कॉलेजची गाडी आली.

गाडीतून एक उंच, हसऱ्या चेहऱ्याच्या आफ्रिकन बाई उतरल्या. कमरेला मोठ्या फुलांचं झगझगीत कापड, पन्नाशी उलटलेली. हात पुढे करून इंग्रजीत म्हणाल्या, "मी ग्रेस."

आणि मी काय केलं? त्यांना म्हटलं, "एक मिनिट हं!" आणि हार घेऊन गाडीत डोकावले. आत कोणीच नाही. सीटखाली बघायचं तेवढं बाकी राहिलं. शेवटी ड्रायव्हरला विचारलं,

"भिया, मालवी मैडम कहाँ हैं?"

"ये ई तो हैं!"

"अरे, मालवी!"

"हाँ मैडम, मलावी. अफ्रीका में है. रास्ते भर अपने गाँव की बातें बता रही थीं मेरे को."

म्हणजे निरोपातली ती अक्षरं माळवी नव्हती, मलावी होती! हार मुकाट्याने ग्रेसबाईंच्या गळ्यात घातला. पण पुढं काय? भाषण सगळं माळवीत. इंग्रजीत बोलावं तर गावातल्या बायका बसल्या बसल्या झोपतील. माळवीत बोलावं तर पाहुणीला काय कळणार? क्षणभर वाटलं, चक्कर आल्याचं नाटक करावं. पण तिथं माझ्याच वीस विद्यार्थिनी, लगेच माझे पाय वर करून बीपी मोजायला बसल्या असत्या!

मग म्हटलं, शिकलेय तर बोलायचंच. पदर खोचला आणि सुरू केलं.

"राम राम सा! आज ग्रेस बेन म्हारा गाम में पधारी हे. म्हारे घणी खुसी हे!"

बायका टवकारून बघायला लागल्या. माझं बळ वाढलं. मला म्हणायचं होतं, बाई, तुम्ही आमच्या पाहुण्या, आम्ही तुम्हाला जपू. 'जपू'ला माळवी शब्द काही आठवेना. मग काय, नियम होताच, 'जप' जरा ताणला आणि 'ओ' लावला! छातीवर हात ठेवून मी ठणकावून म्हटलं,

"बेन, तम चिंता मत करजो. तमारो जापो हम करांगा!"

 ओट्यावर असा हशा फुटला म्हणता! जापो म्हणजे बाळंतपण, हो! जन्मभर तेच शिकवणारी मी, भर सभेत पन्नाशीच्या पाहुणीचं बाळंतपण करायला निघाले होते.

पुढं बसलेल्या धापूबाई, गावातल्या जुन्या जाणत्या, डोळे पुसत म्हणाल्या, "ए मैडम, इनी उमर में? बेन से पूछ तो ले!"

ग्रेसबाईंनी मला हळूच विचारलं, "एवढं काय गमतीचं बोललात?" आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की हार तुटला. मग बायकांकडे बघत मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी तयार आहे. पण बाळंतिणीला इथं खायला काय देतात?"

मी मोडक्यातोडक्या माळवीत विचारलं. आणि काय सांगू, धरण फुटावं तशा बायका बोलायला लागल्या! एक म्हणे डिंकाचे लाडू, दुसरी म्हणे सुंठ-अजवाइन. माझा प्रत्येक शब्द चुकत होता आणि प्रत्येक चूक दुरुस्त करायला चार बायका पुढं सरसावत होत्या. एक तरुण सून फटकन म्हणाली, "लाडू तो सासू खाई गी!" सासू शेजारीच बसलेली. तीही हसली!

ग्रेसबाईंनी कुणाचं तरी बाळ मांडीवर घेतलं, आपल्या गावातलं एक गाणं म्हटलं, आपल्या पहिल्या बाळंतपणात आपण किती घाबरलो होतो ते सांगितलं. मी भाषांतर करत होते, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली धिंगाणा घालत होते.

त्या गोंधळात संगीता नावाची एक मुलगी माझ्याजवळ सरकली. मागच्या भेटीत हिनंच सांगितलं होतं, सब अच्छो हे. आता कानाशी लागून म्हणाली, "मैडम, जापा के बाद से बुखार हे. नीचे से बास भी आवे हे. घर में केवा की सरम आवे."

माझं हसू तिथंच थांबलं. हात लावला तर अंग तव्यासारखं. ग्रेसबाईंनी नाडी बघितली, माझ्याकडे बघितलं, दोघींनाही एकच कळलं. ताटातले बाफले तसेच सोडून तिला, बाळाला आणि सासूला गाडीत घातलं आणि थेट दवाखाना. डॉक्टर म्हणाले, आत विष पसरायला लागलं होतं, बरं झालं आजच आणलंत. संगीता आठवड्यात बरी होऊन घरी आली.

संशोधन बंद झालं नाही, हे वेगळं सांगायला नको. ग्रेसबाई जाताना डोळे मिचकावत म्हणाल्या, "आधी स्वतःवर हसू द्यायचं, मग विचारायचं. हा मार्ग तुम्ही फार विचार करून निवडलेला दिसतो." मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. काय करणार?

महिन्याभरानं मी एकटीच गावात गेले. आता आपण यांच्यातल्याच झालो, या तोऱ्यात! संगीताच्या सासूनं चहा दिला, ग्रेस बेनची चौकशी केली, घणी चोखी बाई हे म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं,

"मैडम, वा बेन तो अफ्रीका की थी. तम किना देस का हो?"

अहो, आमची पाचवी पिढी आहे देवासात!