वजनापुरती माणसं

कात्रपच्या आमच्या बंगल्यामागे लाकडी ओट्यासारखा डेक बांधायला एक सुतार उल्हासनगर कॅम्प चारहून यायचा. दुबईतल्या पप्पांनी त्यावर ठेवायला गरम पाण्याचा मोठा टब मागवला होता, सुट्टीत सगळे मिळून बसू म्हणून. घरात मी एकटीच. प्रत्येक फळी ठोकली की तो ती टाचेनं दाबून, मान तिरकी करून ऐकायचा. माझ्याशीही फळीकडे बघूनच बोलायचा. मला ते बरं वाटायचं.

डेक झाल्यावर म्हणाला, "मॅडम, आठ-दहा जणांना बोलवा. वर उभं करून बघू."

"मी इथे कुणालाच ओळखत नाही."

"ओळख कशाला? आपल्याला वजन पाहिजे."

तोच गल्लीतून माणसं घेऊन आला. ज्यांना मी फक्त खिडकीतून पाहिलं होतं, ते सगळे डेकवर उड्या मारू लागले. शेजारच्या काकूंनी मलाही वर ओढलं. "चल गं, तुझं वजन ते कितीसं!"

खाली वाकून तो ओरडला, "पक्का आहे! आता कितीही येऊ द्या."

पप्पांची सुट्टी पुढे गेली. टब आला. काकूंना बोलवायला मी रोज गेटपर्यंत जाते. मग हाक न मारताच परत येऊन डेकवर एकटीच हलकी उडी मारते. डेक जराही हलत नाही.