पंचनाम्यातली निळी वाटी

ती निळी वाटी आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

पाथर्डी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ऊसतोडीहून परतलेली पन्नाशीची एक बाई फिर्याद द्यायला आली. घराचं कुलूप तोडलेलं. भांडी, धान्य जागच्या जागी, गेली होती फक्त एक वाटी. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. बाई मात्र रडत होती. तिचे वडील फौजी. तरुणपणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये गेले, तेव्हा तिथल्या बाजारातून त्यांनी ती आणलेली. वडिलांमागे लेकीजवळ तेवढंच उरलं होतं.

"दिसायला कशी आहे?" मी विचारलं.

"निळीशार. आत काळ्या रेघंचे दोन मासे, तोंडात कमळ. येका माशाला डोळाच न्हाई. काढायचा ऱ्हायला, बा म्हनायचा."

आठवड्याभरात खबऱ्याने सांगितलं, केडगावचा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मोबाईलवर मिसरच्या वाटीचा फोटो दाखवत फिरतोय. त्याला ठाण्यात आणलं. गडी पक्का. आजोबांपासून घरात आहे, हेच पालुपद. मी चहा मागवला. दरडावलं की अशी माणसं सावध होतात, मालाचं कौतुक केलं की फुलतात. हाही फुलला. मासे झाले, कमळं झाली.

"आणि डोळे?"

"दोन्ही माशांचे एकदम रेखीव, साहेब!"

मी बाईचा जबाब वाचून दाखवला आणि त्याच्याच मोबाईलमधला फोटो समोर धरला; एका माशाला डोळा नव्हता. त्याचा चेहरा उतरला. पितळेची मोड घेत गावात फिरताना वाटी नजरेत भरली, कुलूप आपणच तोडलं, हे तासाभरात कबूल झालं. वाटी दुकानाच्या माळ्यावर निघाली.

इथवर सगळं चोख होतं. पण त्याच्या बढाया ऐकून मलाही चढली होती. पंचनाम्यात 'एक निळी वाटी' एवढं पुरलं असतं. मी पुढे 'अतिप्राचीन, इजिप्तची' असं लिहायला लावलं. पेपरात फोटो यावा ही हौस, खोटं कशाला बोलू. नाहीतर आठ दिवसांत सुपूर्दनाम्यावर वाटी घरी गेली असती. आता कोर्टाने तज्ज्ञ बोलावला.

"सायेब, खोटी निघू द्या," कोर्टाच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली.

खरी निघाली. तज्ज्ञ म्हणाला, माती नव्हे, कुटलेल्या गारगोटीवर निळी झिलई. याला फायन्स म्हणतात, आणि वाटी तीन हजार वर्षांपूर्वीची. पुरातन वस्तू म्हणून कोर्टाच्या हुकुमाने वाटी सरकारी संग्रहालयात गेली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी तिचा फोन आला. "येकदा दाखवा." मी घेऊन गेलो. काचेसमोर ती बराच वेळ उभी राहिली. शिव्या खायची माझी तयारी होती.

"राती कोन असतं हिच्यापाशी?" तिने विचारलं.

"पहारेकरी असतो."

"त्याला सांगा. बा माजा हिला हात लावल्याबिगर झोपत न्हवता."

पहारेकऱ्याला मी खरंच सांगितलं. तो हसला नाही. जे दिसतं तेवढंच लिहावं, हे नव्या पोरांना मी नोकरीत असेपर्यंत अनेकदा शिकवलं होतं. त्यांना ते उपयोगी पडलं असेल. तिला नाही.