शेजारच्या खुर्चीतला बॉक्सर

नाशिकरोडच्या थिएटरात दुपारच्या खेळाला ते माझ्या शेजारी बसले होते. साठीचे, बसक्या नाकाचे, देवळाली कॅम्पात राहणारे निवृत्त फौजी. पलटणीत बॉक्सिंग करायचो, असं त्यांनीच सांगितलं. पडद्यावरच्या बॉक्सरला ठोसा बसला की ते नकळत हनुवटी छातीशी ओढून घ्यायचे.

सिनेमातल्या त्या नामांकित बॉक्सरनं युद्धावर जायला नकार दिला, तेव्हा मागून एक टोळकं ओरडलं, "गद्दार! बंद करा हा सिनेमा!" कुणीतरी माझ्या खुर्चीला लाथ घातली.

शेजारचे गृहस्थ उठले. "मी लढाईवर जाऊन आलोय. नाही म्हणायला काय लागतं, ते मला माहितीये. गप बसा."

टोळकं गप्प झालं. गृहस्थ खाली बसले.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी कुजबुजले.

"लय वाटली, ताई. रिंगमध्येपण वाटायची. पण घंटा झाल्यावर उठावंच लागतं."

सिनेमा सुटला. टोळकं गेटाशी थांबलं होतं. गृहस्थ सरळ तिकडेच चालत गेले. मी मागच्या दारानं निघाले आणि रिक्षात बसेपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही. ते घरी पोचले का, मला आजही माहीत नाही.