हिरव्या शालूतली तनुजा

पडदा वर जातो. गारखेड्यातलं दोन खोल्यांचं घर. डावीकडं देव्हारा, उजवीकडं दार, आणि मधोमध, नाटकात जिथं सिंहासन मांडतात तिथं, भलाथोरला टीव्ही. समोर पाय पसरून आशाबाई सुपारी कातरत बसलेली. टीव्हीवर तिच्या लेकाचं, कारभारीचं लग्न लागतंय. लग्नाला एकोणीस वर्षं झालीत.

आशाबाई हे लग्न रोज बघायची, पण नवरदेवासाठी नव्हे. मांडवात हिरव्या शालूतली तिची थोरली लेक तनुजा जराशी दिसायची. गाल वर आलेले, दंड भरलेले. त्या लग्नानंतर चारच महिन्यांत तनुजा सासरी वारली. कावीळ झाली, असं सासरच्यांनी सांगितलं. आशाबाईची नणंद कौसाबाई तेराव्यालाच बोलली होती, "वहिनी, पोरीला खायला घालत नव्हते गं. लग्नात जवळ घेतली तर नुसती हाडं लागली."

नणंद-भावजयीचं बोलणं त्या दिवशी तुटलं ते तुटलंच. लग्नाची सीडी कुणी बाहेर काढली नाही. पुढं हा रुंद टीव्ही आला, कारभारीनं सीडीवरचं लग्न पेन ड्राइव्हवर घेतलं, आणि आशाबाईला साक्षीदार मिळाला. येईल त्याला ती दाखवायची, "बघा, उपाशी पोर अशी दिसती व्हय?" जावयाला दर दिवाळीला पोशाख जायचा. तिला हसू नये. आईनं दुसरं काय धरून जगावं?

यंदा नात अपेक्षा म्हणाली, "आजी, लग्नातले सगळेच कसे ढोले दिसतात गं? पप्पा तर पिंप."

"खात्यापित्या घरचे हाओत आपण," आजी म्हणाली.

पण कारभारीला ते लागलं. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या इंद्रजीतकडं तो पेन ड्राइव्ह घेऊन गेला. इंद्रजीतला बघताक्षणी हसू आलं. नाटकात पोटाला उशी बांधून शेटजी उभा करतात, तशी अख्खी वरात उशा बांधून आलेली.

"शूटिंग चौकोनी टीव्हीच्या मापाचं हाय. कडेला काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी आडवं ताणलंय."

"म्याच," कारभारी म्हणाला. "टीव्ही अख्खा घेतला, अन् कडंला काळं कशाला?"

इंद्रजीत औक्षणाच्या ताटापाशी थांबला. ताट अंड्यासारखं लांबट दिसत होतं. "हे गोल झालं, की माणसं आपोआप मापात येतात," म्हणत त्यानं चित्र दोन्ही अंगांनी आत घेतलं. नवरदेव शिडशिडीत झाला. कारभारी तेवढ्यावरच खूश होऊन घरी आला आणि त्यानं सगळ्यांपुढं लग्न लावलं.

अपेक्षा वडिलांना बघून टाळ्या पिटत होती, तोवर हिरवा शालू आला.

गळ्याची हाडं वर आलेली. गालांत खळगे. तनुजानं अक्षता टाकायला हात उचलला, तशा बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. ताणलेल्या चित्रातही त्या रोजच घसरत होत्या. तेवढ्यात तिच्या पुढूनच पैठणी नेसलेली एक बाई पाहुण्यांना हसत, नमस्कार करत निघून गेली. मान वळवून तिनं लेकीकडं बघितलं नाही. ती आशाबाईच होती.

आशाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "माघारी घे," म्हणाली. कारभारीनं मागं घेतलं. पुन्हा हाडं, पुन्हा बांगड्या, पुन्हा पैठणी.

"आई," कारभारी हळूच म्हणाला, "व्हतं तसं करतो पुन्हा. एका बटनाचं काम हाय."

तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही.

"नगं. वरमाय व्हते मी, लई मिरवले. आता बघू दे मला."