अक्का आणि डोरीन आंटींचा रस्टी

माझ्या बहिणीच्या मांडीवर एका कुत्र्याने जीव सोडला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

आज सकाळी ती स्वतः गेली.
सुमन. आमची अक्का.

तुमच्यापैकी पुष्कळांना ती फक्त "डिसेंबर आला, कुत्र्या-मांजरांना जपा" असे फोन करणारी म्हातारी म्हणून माहीत आहे. ती तशी का झाली, ते आज लिहावंसं वाटतंय.

साठचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही बेंगळुरूत कॉक्स टाउनला राहायचो. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि शेजारच्या डोरीन आंटींशी मोडकंतोडकं इंग्लिश.

आंटी शाळेत पियानो शिकवायच्या. एकट्याच होत्या. त्यांना एक रस्टी तेवढा. तांबूस, आखूड पायांचा, जातीचा काही पत्ता नसलेला.

नाताळला त्या कोलारच्या खाणींकडे आईला भेटायला जायच्या. त्या वर्षी रस्टीला सांभाळशील का, असं त्यांनी अक्काला विचारलं. अक्का हरखून गेली.

आमचे वडील, अण्णा, सोवळ्याचे. कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.
अक्का कन्नडमध्ये "सरी" म्हणाली, म्हणजे बरं.

मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला त्याला बांधलं. खाली पोतं. थंडी होती म्हणून अक्काने स्वतःचा जुना स्वेटर त्याला पांघरला.

नाताळच्या दिवशी दिवेलागणीला गल्लीत फटाके सुरू झाले.

रस्टी थरथर कापायला लागला. अक्काने आत येऊन विचारलं, स्वल्प वेळ त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी तरी घेऊ का. अण्णा संध्येला बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.
नाही.

ती परत अंगणात पोचायच्या आत भिंतीपलीकडे मोठा बार झाला.

रस्टीने हिसका दिला. पट्टा ढिला होता, तो डोक्यावरून निघाला आणि दोरीला तसाच लोंबकळत राहिला. रस्टी कुंपणाच्या फटीतून गेलासुद्धा.

आम्ही दोघी गल्लोगल्ली हाका मारत फिरलो. अक्का अनवाणी. मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मोठ्या रस्त्याच्या कडेला सापडला. अंगावरून मोटार गेली असावी. अक्काचा आवाज ऐकून त्याने मान उचलायचा प्रयत्न केला.

अण्णा तडक जाऊन जटका घेऊन आले. घोडागाडीत अक्काच्या मांडीवर रस्टी, आणि शेजारी अण्णा. त्यांनी खांद्यावरची शाल काढून त्याच्यावर घातली. सोवळं कुठे राहिलं कुणास ठाऊक.

जनावरांच्या डॉक्टरपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

घरी आल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "अण्णा, तो दारातच होता. आपण फक्त दार उघडायचं होतं."

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं.

नवीन वर्ष लागल्यावर आंटी परतल्या. सामान घरात टाकून थेट आमच्या दारात. हातात केकचा डबा, नजर रस्टीला शोधत होती.

अक्काला तोंड उघडवेना. तेव्हा अण्णा पुढे झाले. इतक्या वर्षांत ते आंटींशी कधी बोलले नव्हते. तुटक इंग्लिशमध्ये त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, रूल माझा होता. पोरीचा दोष नाही."

आंटींनी केकचा डबा पायरीवर ठेवला आणि त्या घरी गेल्या.

रागावल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. जवळजवळ वर्षभर. भिंतीपलीकडे त्या दिसल्या की अक्का मान खाली घालायची.

पुढच्या डिसेंबरात त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या. कुशीत एक काळं पिल्लू.

"नाताळपुरती हिला ठेवशील, सुमन? दुसऱ्या कुणाकडे द्यायला माझं मन होत नाही."

अक्का रडायलाच लागली. हात पुढे करेना.

अण्णा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "आत घे तिला."

त्या नाताळात पिल्लू आमच्या माजघरात होतं. खिडक्यांवर घोंगड्या, रेडिओ मोठ्याने लावलेला. पट्ट्यात बोटं घालून अक्का तो पुन्हापुन्हा तपासायची. फटाके थांबेपर्यंत अण्णा तिथेच बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

मग अक्काने जन्मभर तेच केलं.

लग्न होऊन ती हेब्बाळला गेली. तिथे गावी जाणाऱ्यांची कुत्री, मांजरं, एकदा एक पोपटसुद्धा तिने सांभाळला. कुणी कौतुकाने केक किंवा कोंबडीचं हाड त्यांना भरवायला गेलं की, बाधेल म्हणून, ती सरळ हातावर चापट मारायची. पाहुणा असो, जावई असो. फटाके वाजायच्या आधी दारं बंद, आणि सगळी जनावरं आतल्या खोलीत.

गुडघे गेले तरी त्यांच्याजवळ जमिनीवर बसायची. उठवायला आम्हाला बोलवायची.

यंदाही तिच्या खालच्या मजल्यावरचा लॅब्रडोर नाताळला तिच्याकडे राहणार होता. आज सगळं आटोपल्यावर तिच्या मुलाने विचारलं, मावशी, आता त्याचं काय करायचं?

मी त्याला माझ्या घरी आणलंय. हे लिहिताना तो पायाशी झोपलाय. मघाशी बाहेर कुणीतरी पहिला फटाका उडवला. मी उठून दार लावून आले.

अक्का, सुखाने जा. तुला मनापासून नमस्कार.