देवाच्या नावावरचं वाक्य

साळवे गुरुजी कामाला बसण्याआधी हात धुवायचे. ऑफिसच्या मागच्या नळावर, कोपरापर्यंत. मग येऊन खुर्चीत बसायचे आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून ते वाळायची वाट पाहायचे. पंखा लावू का म्हटलं तर नको म्हणायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला सोवळ्याचं वेड दिसतंय; पण ख्रिस्ती माणसाकडे ते कुठून यावं? शेवटी विचारलंच. ते म्हणाले, "भ्यायला येळ लागतो, पोरी. हात वाळस्तोवर मी बराबर भिऊन घेतो. मंग काम."

जालन्यातल्या जुन्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एक छोटी संस्था बायबलच्या अभ्यासाचं मराठी अ‍ॅप तयार करत होती. मजकूर आधीच टाइप झालेला होता. आमचं काम त्यातल्या प्रत्येक वाक्याला खुणा लावायचं. हे वाक्य कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, हे नाव माणसाचं की गावाचं. वाचणाऱ्याला या खुणा दिसत नाहीत, पण वाक्यावर बोट ठेवलं की माहिती उघडते. मी राजूरची, गणपतीच्या गावची. बी.कॉम. झालेली, टायपिंग चांगलं, म्हणून घेतलेली. बायबल आयुष्यात पहिल्यांदा उघडलं ते या पगारासाठी. गुरुजी तीर्थपुरीच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना ते जवळजवळ पाठ होतं. मी मोठ्यानं वाचायचं, गुरुजींनी डोळे मिटून ऐकायचं आणि बोलणाऱ्याचं नाव सांगायचं, मग मी खूण लावायची. अशी आमची पद्धत होती.

एकदा मी राजाचं वाक्य त्याच्या शिपायाच्या नावावर लावलं. गुरुजी ओरडले नाहीत. उठले, नळावर गेले, पुन्हा हात धुऊन आले आणि पुन्हा तळवे वाळवत बसले. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. मग शांतपणे म्हणाले, "शाळेत मार्क चुकला तर पोराचा बाप येतो भांडायला. हितं कोण येईल, त्याचा इचार कर." दुसरं एक वाक्य तर ते रोजच म्हणायचे. "माणसाच्या तोंडचं देवाच्या तोंडी घालू न्हाई. निम्मी भांडणं त्याच्यानंच झाली जगात."

मी त्यांना भ्यायचे, हे कबूल करते. वडिलांना भ्याले नाही, सासूला भ्याले नाही, पण या सडपातळ, हळू बोलणाऱ्या माणसाला भ्यायचे. खरं तर प्रेमळ होते. त्यांच्या बायको, मार्थाकाकू, डब्यात ज्वारीची धपाटी द्यायच्या, त्यातलं एक आधी माझ्यासमोर ठेवायचे. अंगारकीला मी घरी जायची रजा मागितली तेव्हा म्हणाले, "जाऊन ये. गर्दीत पर्स सांभाळ." पण रोज सकाळी त्यांच्या चपला दाराशी वाजल्या की मी आदल्या दिवशीचं काम मनातल्या मनात चाचपायला लागायचे.

मार्थाकाकू कधीमधी ऑफिसात यायच्या. एकदा गुरुजी मागे नळावर असताना त्यांनी मला मोबाइलमध्ये एका मुलीचा फोटो दाखवला. त्यांची एकुलती एक सुनीता. नर्सिंग शिकलेली. आष्टीच्या एका मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. मुलगा आमच्यातला, म्हणजे हिंदू. त्या दिवसापासून गुरुजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. वर्षाच्या आत तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. याला सात वर्षं झाली होती. "घरात तिचा एक बी फोटो ठिवला न्हाई त्यांनी," काकू म्हणाल्या आणि नळ बंद झाल्याचा आवाज येताच मोबाइल पदराखाली घेतला.

अ‍ॅप अजून बाजारात आलं नव्हतं. चाळीसेक ओळखीच्या लोकांच्या फोनवर ते चाचणीसाठी टाकलं होतं. त्यात काकू होत्या, मीही होते. त्यात 'आजचं वचन' म्हणून एक सोय होती. ज्या वाक्यांवर देव बोलतोय अशी खूण असेल, त्यातलंच एक वाक्य अ‍ॅप रोज सकाळी आपोआप उचलून सगळ्यांना पाठवायचं. लोक ते वाचून दिवसाला सुरुवात करायचे. काकू सकाळची भांडी आवरली की ओट्यावर बसून वाचायच्या.

त्या मंगळवारी मी ऑफिसला जाताना रिक्षात फोन उघडला. आजचं वचन होतं: तुझ्या लेकरांनी पाप केलं, म्हणून त्यांना त्याचं फळ मिळालं. शब्द वेगळे होते, पण अर्थ हाच. हे वाक्य कुठलं ते मला ठाऊक होतं. बायबलात एका भल्या माणसाची गोष्ट आहे. घर कोसळून त्याची सगळी लेकरं एकाच दिवशी मरतात. मित्र सांत्वनाला येतात आणि सांत्वन राहिलं बाजूला, लेकरांनाच दोष देतात. हे त्या मित्राचं वाक्य. पुढे देव त्या मित्रांना चांगलंच झापतो. पण वाक्य पाठवलं गेलं होतं देवाच्या नावावर, आणि पोचलं होतं काकूंच्या फोनवर.

चूक माझीच असणार. खुणा लावणारा हात माझा. ऑफिसात पोचताच मी नोंद उघडली. कोणती खूण कोणी, कोणत्या दिवशी लावली, ते सगळं त्यात राहतं. तारीख अंगारकीची होती. मी राजूरला रांगेत उभी होते. त्या दिवशी गुरुजी एकटेच बसले होते आणि नोंदीत नाव त्यांचं होतं. तीन वर्षांत ज्यांची एक चूक सापडली नव्हती, त्यांची. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. हे त्यांना कसं सांगायचं, या विचारानं मी नुसतीच पडद्याकडे बघत बसले.

ते दहाला आले, हात धुवायला वळले, तेवढ्यात मी म्हटलं, "गुरुजी, एक चूक झाली." आणि फोन पुढे केला. त्यांनी वाचलं. "कोणी केली?" मी म्हटलं, "मी." एवढं मोठं खोटं मी सहसा बोलत नाही. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते काकूंना फोन लावत होते. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. चार वेळा लावला. काकूंना बीपीचा त्रास होता, मागच्या वर्षी एकदा त्या मोरीत पडल्या होत्या. "चल," ते म्हणाले. "जल्दी चल."

रिक्षात गुरुजींचे ओठ हलत होते, प्रार्थना असावी. मला मात्र एकच दिसत होतं, मोरीत पडलेल्या काकू. घर आलं तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. गुरुजी उंबऱ्याशी थांबले. दाराला हात लावायची त्यांची हिंमत होईना, म्हणून मीच ढकललं.

काकू मागच्या ओट्यावर बसलेल्या होत्या. फोन मांडीवर. धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला. मी जवळ जाऊन म्हटलं, "काकू, माझी चूक झाली. ते देवाचं वाक्य नाही. मी चुकीची खूण लावली."

काकूंनी माझा हात धरला. "तुझी न्हाई, पोरी. तू कशाला घेतीस अंगावर? हे वाक्य मी वळखते." मग माझ्या खांद्यावरून गुरुजींकडे पाहत त्या म्हणाल्या, "सुनीताला माती देऊन आल्तो आपण. ह्याच ओट्यावर बसून तुमी म्हन्ल्तं. अक्षर न् अक्षर हेच. देव न्हाई बोलला, तुमी बोल्ले. सात वर्सं झाली, मी तवाबी गप राह्यले."

गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. हळूहळू खाली बसले. "मला तसंच ऐकू आल्तं, मार्था," ते म्हणाले. "देवाच्याच आवाजात. मला वाटलं बराबर हाय." मी परवानगी न घेताच निघाले आणि रस्त्यावर आल्यावर रडले.

गुरुजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या दिवसानंतर ते महिनाभरच कामावर आले. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते वेळेवर आले, समोर बसले आणि म्हणाले, "ती गोष्ट काढ. वाच." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. "मित्र," ते म्हणाले. मी देवाची खूण काढून मित्राची लावली.

"पोरी, तुला माझी भीती वाटती का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण जमलं नाही. "वाटते, गुरुजी."

त्यांनी मान हलवली.

"सुनीतालाबी वाटायची," ते म्हणाले. "काल मार्थानं सांगितलं. ताप चढल्ता तवा जावई मला फोन लावून राह्यला होता. तिनंच त्याचा हात धरला. म्हन्ली, अप्पाला नको सांगू."